खालची पायरी

लालबागच्या आमच्या चाळीत गावाहून आलेल्या माणसाला घरी पोचण्याआधी एक नाका पार करावा लागे. हा नाका दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी होता आणि तिथे भामाकाकी पाट टाकून बसलेली असे. येणाऱ्याच्या खांद्यावर बॅग, एका हातात फणस, दुसऱ्या हातात पेंगणारं पोर, रात्रभरच्या बसने अंग आंबलेलं. काकीला त्याचं काही नसे. प्रवास कसा झाला, घरची बरी आहेत ना, हे प्रश्न तिच्या लेखी सावकाशीचे. ती आधी पाय आडवा घाली आणि विचारी, "खालची पायरी दिसता काय?"

चाळीत नव्याने आलेल्या एका सुनेने हा प्रश्न ऐकून घाबरून मागे वळून जिन्याकडे पाहिलं होतं आणि "हो, दिसतेय की," असं सांगून टाकलं होतं. त्यावर काकीने दुपारी जेवण टाकलं. संध्याकाळी कुणीतरी उलगडा केला तेव्हा कुठे ती चहा प्यायली.

ही पायरी जिन्याची नव्हे, आमच्या गावच्या झऱ्याची. गावात देवळाच्या मागे डोंगराच्या उतारावर देवाची राई आहे. होती म्हणायला हवं, पण अजून जीभ वळत नाही. राईच्या पोटात एक बारमाही झरा, त्याला जांभ्या दगडाचं बांधीव कुंड आणि कुंडात उतरायला पायऱ्या. तिथून पाटाने पाणी खालच्या मळ्यात येई आणि त्या पाण्यावर उन्हाळ्यात वायंगणाचं भात होई, म्हणजे वर्षातलं दुसरं पीक. सगळ्यांत खालची पायरी पाण्याखाली असेल तोवर पाटाला पाणी. ती उघडी पडली की मळ्यातलं भात उभं वाळणार. आमच्या कितीतरी पिढ्यांत मे महिन्यातसुद्धा ती कुणाला दिसली नव्हती. तरी काकी दर खेपेला विचारी. तिला मी एकदा म्हटलं, जी पायरी कधी दिसलीच नाही ती दिसते का, असं कशाला विचारतेस? तर म्हणाली, "इचारणारा कोण आसा म्हणूनच दिसणा नाय."

भामाकाकी माझी सख्खी काकी नव्हे. गावात आमची घरं शेजारी आणि लालबागला खोल्या शेजारी, एवढंच नातं. काका परळच्या एका इस्पितळात लिफ्ट चालवायचे. ते मुंबईला आणि काकी गावी, असा त्यांचा संसार झाला. गणपतीला आणि शिमग्याला दोघं नवरा-बायको असत, बाकी वर्षभर पत्रात. काका गेले, काकीचे गुडघे गेले आणि मुलाने तिला इकडे आणलं. शेती धाकट्या जावेच्या, आनंदीच्या हाती राहिली. काकी मात्र देहाने तेवढी इकडे आली. आनंदीने आज कुठल्या कोपऱ्यात काय पेरलं, बांध कुठे फुटला, हे सगळं रोज संध्याकाळी फोनवर ठरे आणि ते ठरताना अख्ख्या मजल्याला ऐकू येई. फोन लांब अंतरावरचा असला की आवाज मोठा काढावा लागतो, अशी तिची समजूत होती.

स्वभावाने ती गोड वगैरे अजिबात नव्हती. हेका तर विचारू नका. दुकानातला तांदूळ कारखान्यात पॉलिश करतात हे कळल्यापासून तो कारखान्यातच तयार होतो असं तिने ठरवून टाकलं होतं, आणि कितीही सांगा, ती ऐकत नसे. तिच्या पानात फक्त मळ्यातला लाल उकडा तांदूळ. बहुतेक वेळा ती नुसती भांडत असे आणि मधूनच एखादं वाक्य असं टाके की माणूस जिन्यावरच थबके. आपलं एक वाक्य ती पुनःपुन्हा सांगायची: "राय शेताक पाणी देता आणि शेत रायेक माणूस देता."

यातलं पहिलं अर्धं मला लगेच कळलं होतं. राईत पातेऱ्याचा, म्हणजे गळलेल्या पानांचा, गुडघाभर थर. पाऊस त्यात मुरतो, सावकाश झिरपतो आणि उन्हाळ्यात झऱ्याला येतो. दुसऱ्या अर्ध्याला वेळ लागला. ते मला काकीने तांदूळ पाखडता पाखडता सांगितलं. मळ्यात पीक आहे म्हणून शिमगा झाला की घरटी एक माणूस कुंडातला गाळ काढायला जातो. पीक आहे म्हणून वणवा लागला तर लोक धावतात. पातेरा राईबाहेरचाच गोळा करायचा, आतल्याला हात लावायचा नाही, हा नियमही ज्यांना पाणी हवं तेच पाळतात. मळ्यात कुणी औषध मारत नव्हतं, कारण बेडूक किडे खात आणि राईतली घुबडं रात्री येऊन उंदीर वेचत. "शेत पडीक पडला की रायेत कोण जाणा नाय," ती म्हणे. "आणि जंय माणूस जाणा नाय, थंय कुऱ्हाड जाता."

घुबडांवरून आठवलं. चाळीच्या मागे एक बंद गोदाम आहे. पलीकडची गल्ली मिरची-मसाल्याची, त्यामुळे उंदरांना तोटा नाही. एका वर्षी त्या गोदामाच्या झरोक्यात घुबडाची जोडी राहायला आली. चाळीत एकच हलकल्लोळ. तळमजल्यावरच्या आजोबांना नेमका त्याच आठवड्यात ताप आला, त्यामुळे पुरावाही मिळाला. घुबडं हाकलायला माणूस बोलवायचं ठरत होतं, तर काकी गॅलरीत येऊन उभी राहिली आणि तिने चाळीला सुनावलं की घुबडं उंदरांवर जगतात, आजोबांवर नाही. आजोबा बरे झाले. घुबडं राहिली. उंदीर खरंच कमी झाले आणि काकी महिनाभर मजल्यावर छाती काढून फिरली. मग एके दिवशी तिनेच गच्चीत वाळत टाकलेल्या नाचणीच्या पापडांवर घुबडांनी खाल्लेल्या उंदरांच्या केसा-हाडांच्या गोळ्या ओकून टाकल्या. काकीने गोदामाकडे बघून ज्या शिव्या घातल्या, त्या मला इथे लिहिता येणार नाहीत. पण पापड पुन्हा लाटले आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला वाळत घातले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. कोकणातली गावं चालतात गावात, पण ठरतात मुंबईत. आमच्या गावाचंही मुंबईला मंडळ आहे. परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, नाहीतर चाळीतच आमच्या खोलीत त्याच्या सभा होतात. मी त्याचा सहचिटणीस, म्हणजे चहा सांगणारा. अध्यक्ष प्रकाशदादा. तो आमच्याच चाळीत वाढला, आता वडाळ्याला मोठ्या इमारतीत राहतो, पण गावच्या कामाला रात्री-अपरात्री उठून जाईल असा माणूस. त्या रविवारी आमच्या खोलीत त्याने विषय मांडला: देवळापुढे मोठा सभामंडप बांधायचा आणि गाडी थेट देवळापर्यंत जाईल असा रस्ता करायचा. वरच्या अंगाला कातळ, खालच्या अंगाला घरं. रस्ता आणि मंडप दोन्ही बसवायचे तर वाट राईतूनच होती. जुनी मोठी झाडं तोडावी लागणार होती, आणि त्यांच्या लाकडातून खर्चाला हातभारही लागणार होता.

राईची जमीन गावच्या काही घरांच्या सामाईक नावावर आहे आणि त्यात पहिलं नाव भामाकाकीचं. तिच्या संमतीशिवाय एक फांदी हलली नसती. हे प्रकाशदादाला माहीत होतं, मला माहीत होतं आणि गॅलरीत दाराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या काकीला तर होतंच. सभेत बायका आत बसत नाहीत, गॅलरीतून ऐकतात. काकी गॅलरीतून बोलायची. तिने रस्ता खालून वळवायला सांगितला, झऱ्याचं सांगितलं, मळ्याचं सांगितलं. मीही माझ्या परीने तिची बाजू घेतली. निम्मी सभा माना डोलवत होती. मला वाटलं, विषय मिटला.

मग प्रकाशदादा उठला. त्याचा आवाज अजिबात चढला नाही. "काकी, आईला शेवटी शेवटी ती पायवाट चढता येईना. मी उचलून नेतो म्हटलं, तर लाजली. देवाचं तोंड न बघता गेली ती. तुला माहीत आहे."

काकीला माहीत होतं. प्रकाशदादाची आई आणि ती, दोघी एका आवणात, भाताच्या चिखलात ओणव्या राहून आयुष्यभर लावणी करत आल्या होत्या. काकी काही वेळ चौकटीवरचा रंग नखाने खरवडत राहिली. त्या एका क्षणी ती नुसती "नाही" म्हणाली असती तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. पण मैत्रिणीच्या मुलाच्या तोंडावर नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं असावं, आणि ते न म्हणताही राई वाचवण्याचा एक उपाय तिला सुचला.

"झाडां तुमची नाय आणि माझी पण नाय," ती म्हणाली. "ज्येची हत, तेका इचारा."

म्हणजे देवाला कौल लावायचा. आमच्याकडे गुरव देवाच्या पाषाणावर उजवी-डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. काकीला उत्तराची खात्री होती. तिच्या सासऱ्यांनी एकदा घराच्या वाशासाठी राईतलं एक झाड मागितलं होतं. देवाने दिलं नाही. गावात कुणालाच कधी दिलं नव्हतं. सभेने एकमताने मान्य केलं. प्रकाशदादाने तर हात जोडले. देवाचा शब्द त्यालाही मोडवला नसता. त्या रात्री काकी गाढ झोपली असणार, कारण सकाळी तिने आपणहून माझ्याकडे नारळाच्या रसातले शिरवाळे पाठवले.

कौल लागला त्या सकाळी काकीच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. आता हेही मुंबईतूनच बघायची सोय झाली आहे. गावातल्या एका मुलाने गाभाऱ्याच्या दाराशी मोबाइल धरला होता आणि इकडे काकीच्या मुलाने आपला फोन टीव्हीला जोडला होता. काकी खुर्चीवर बसायला तयार होईना. देव समोर असताना खुर्ची कसली? दुखऱ्या गुडघ्यांनी ती जमिनीवर बसली, डोक्यावरून पदर घेऊन. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. चित्र मधेच अडकलं, पुन्हा सुरू झालं. पाषाणावर पांढऱ्या कळ्या स्पष्ट दिसत होत्या.

उजवी कळी पडली.

टीव्हीतून गावच्या लोकांचा जयघोष ऐकू आला आणि खोलीतल्यांनीही नकळत त्यात आवाज मिसळला. काकीने वाकून जमिनीला डोकं टेकलं आणि बराच वेळ वर घेतलं नाही. मला वाटतं तेवढ्या वेळात तिचं जे काय व्हायचं ते होऊन गेलं.

मला स्वस्थ बसवेना. दुपारी सगळे गेल्यावर मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, अजून काही बिघडलेलं नाही, संमती तुझी आहे, ती देऊ नकोस. वनखात्याकडे अर्ज करू, मी लिहितो, मी फेऱ्या मारतो.

"मीच इचारूक सांगलंय," ती म्हणाली. "आता खंयच्या तोंडान नाय म्हणू?"

मग मी मला खुपत असलेली गोष्ट बोललो. गाभाऱ्यात भिंतीवरचा पंखा चालू होता. मी टीव्हीवर पाहिला होता. उजव्या बाजूलाच होता तो, आणि कळ्या वाऱ्याने हलत होत्या.

"बघलंय मी," काकी म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो पंखा काकांच्या नावाने काकीनेच देवळाला दिलेला होता. त्याच्या पात्यांवर तांबड्या रंगात काकांचं नावही आहे. गाभाऱ्यात गुरवाला घामाच्या धारा लागतात म्हणून तिने तो मुंबईहून पाठवला होता. मी म्हटलं, मग पुन्हा कौल लावायला सांगू, पंखा बंद करून. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवालाच खोटं पाडायला निघालो होतो.

"वारो पण देवाचोच नाय रे?" ती म्हणाली आणि सूप जवळ ओढलं. पुढच्या रविवारी प्रकाशदादा कागद घेऊन आला आणि तिने शाळेत शिकलेल्या गोल अक्षरात सही केली. त्याला चहा दिला, आईची आठवण काढून दोघं रडलीसुद्धा.

त्या हिवाळ्यात झाडं पडली. रस्ता झाला, पावसाळ्यानंतर मंडपही उभा राहिला. जत्रेला मुंबईहून बस केली होती आणि काकीलाही आम्ही नेलं. गाडी थेट देवळाच्या पायरीशी थांबली. किती वर्षांनी ती स्वतःच्या पायांनी गाभाऱ्यापर्यंत गेली. देवापुढे उभी राहून हमसून हमसून रडली, आणि ते रडणं आनंदाचंच होतं, त्यात मला शंका नाही. "इतक्या वर्सांनी माका देव बघूक गावलो," असं ती भेटेल त्याला सांगत होती. मंडपाच्या थंडगार फरशीवर दिवसभर बसली. राईच्या बाजूला तोंड करून मात्र बसली नाही. आनंदीने झऱ्यावर नेते म्हटलं, तर गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. आणि मला प्रकाशदादाचा रागही करता येईना, कारण त्याने जे ज्यांच्यासाठी केलं होतं, त्यांतली एक माझ्यासमोर इतकी सुखात बसली होती. कुणाला दोष द्यावा हे न कळण्यासारखी दुसरी अगतिकता नाही.

झऱ्याला त्या वेळी पाणी होतं. सगळे म्हणाले, बघा, काही झालं नाही. आनंदीने नेहमीप्रमाणे वायंगणाची लावणी केली. मग रोजच्या फोनमधून एकेक गोष्ट येऊ लागली. पाटाचं पाणी बारीक झालंय. टोकाच्या कुणग्यापर्यंत, त्या शेवटच्या खाचरापर्यंत पोचतच नाही. शिमग्याच्या आधीच भात पिवळं पडायला लागलं. उंदीर फार झालेत, मळ्यातही आणि घरातही, कुळीथ ठेवायची सोय राहिली नाही. मग गावात कुणी कुणी विष घातलं. एका सकाळी आनंदीला बांधावर घुबड मरून पडलेलं सापडलं, अंगावर जखम नव्हती. विष खाल्लेला उंदीर त्याने खाल्ला असणार. मी तेव्हा काकीच्याच खोलीत होतो; हे सांगताना आनंदी फोनबाहेर ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोलत होती आणि काकी, जी आयुष्यात फोनवर हळू बोलली नाही, ती नुसती "हां" म्हणत होती. भिंतीपलीकडे आमच्या खोलीत ते ऐकूसुद्धा गेलं नसतं. "गो वयनी, ऐकतंस मां?" असं आनंदी विचारत राहायची.

शिमगा झाला, पण त्या वर्षी कुंडातला गाळ काढायला कुणी गेलं नाही. मळ्यातच काही उरलं नव्हतं, मग गाळ कशासाठी काढायचा?

मे महिन्यात मी गावी गेलो. पहिल्याच दिवशी झऱ्यावर गेलो. जिथे दुपारीही अंधारून यायचं तिथे डोळे दिपत होते. पातेरा वाळून उडून गेला होता, पायाखाली नुसता तांबडा कातळ. कुंडाच्या तळाशी ओंजळभर गढूळ पाणी होतं आणि त्यात कोरड्या पानांचा चिखल. खालची पायरी दिसत होती. मी ती जन्मात पहिल्यांदा पाहिली. इतर पायऱ्या पायांनी झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. ही अगदी कोरीव, कडा शाबूत, काल बसवल्यासारखी. मी तिच्यावर बसलो आणि मला रडू आलं. काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं, करायचं कुणी ते मला सांगता येत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मला झोप लागली नाही. काकीला काय सांगायचं याचाच विचार करत होतो. पेणपर्यंत खरं सांगायचं ठरत होतं. वाशीच्या पुलावर मी ठरवलं की खोटं बोलायचं. दिसत नाही म्हणायचं, काकी, पाणी आहे, अजून आहे. म्हाताऱ्या माणसाला एवढं समाधान द्यायला काय जातं? लालबागला उतरलो, हातात कोकमांची पिशवी, खांद्यावर बॅग. जिना चढताना ते वाक्य मी मनात दोनदा बोलून पाहिलं.

काकी जिन्याच्या तोंडाशी पाटावर बसली होती. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. पांढरे, दुकानातले. मी तिच्यासमोर थांबलो, तिचा पाय आडवा येईल म्हणून. तिने पाय जवळ घेतला आणि मला जायला वाट करून दिली.

"दमलंस मां?" ती म्हणाली. "प्रवास बरो झालो?"

मी हो म्हटलं. तिने शेजारचा तांब्या माझ्यापुढे सरकवला आणि पुन्हा सुपातले खडे निवडायला लागली.